भिंतींचे व्याकरण : इंग्रजी खेड्यातील पबची वास्तुरचना आणि संहितेचा प्रश्न

१

इंग्रजी कादंबरी वाचणाऱ्या मराठी वाचकाच्या वाट्याला ‘पब्लिक हाउस’ ही गोष्ट नेहमी भाषांतरित होऊनच येते, आणि प्रत्येक भाषांतरात तिचा एखादा महत्त्वाचा घटक गळून पडतो. ‘गुत्ता’ म्हटले की मूळ संज्ञेतील ‘घर’ नाहीसे होते. कारण गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, महसुलाचा ठेका, आणि या शब्दाच्या स्मृतीत दारूपेक्षाही अबकारी कारभार अधिक खोल रुतलेला आहे. ‘मद्यगृह’ म्हटले तर घर परत येते, पण ‘सार्वजनिक’ हे विशेषण हरवते. अलीकडे मुंबई-पुण्याच्या मराठीत रुळलेला ‘पब’ हा शब्द तर महानगरी तरुणाईच्या करमणुकीशी इतका जखडला गेला आहे की, जॉर्ज एलियट किंवा टॉमस हार्डी यांच्या खेड्यातील पबशी त्याचे नाते नामसाम्यापलीकडे जात नाही.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा असता, तर त्याची दखल समीक्षेने घेण्याचे कारण नव्हते. परंतु ‘पब्लिक’ आणि ‘हाउस’ या दोन पदांमधील ताण हाच त्या वास्तूचा आशय आहे. घर ही खाजगी गोष्ट. ते लोकांना खुले कसे व्हावे, कोणाला कोठपर्यंत खुले व्हावे आणि खुले होऊनही घर कसे राहावे, या प्रश्नांना इंग्रजी खेड्याने दारे, भिंती, बाके आणि खिडक्या यांच्या भाषेत जी उत्तरे दिली, त्यांचा साठा म्हणजे पबची वास्तुरचना होय. ही उत्तरे प्रथम बारकाईने वाचली ती कादंबरीकारांनी. वास्तूच्या इतिहासकारांचे लक्ष तिकडे बऱ्याच उशिरा गेले.

वास्तू ही एक संहिता आहे, हे विधान संरचनावादानंतर इतके सवयीचे झाले आहे की त्यातून काही हाती लागेनासे झाले आहे. संहिता म्हटले की तिच्याबरोबर येणारे अडचणीचे प्रश्नही स्वीकारले पाहिजेत. तिचा कर्ता कोण? तिचे व्याकरण कोणते? तिच्या अनेक पाठांपैकी प्रमाण पाठ कोणता, आणि ती नष्ट झाल्यास तिची प्रत करता येते काय? इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात २०२३ साली एक जुना पब जळाला व पाडला गेला, आणि तो जसा होता तसा पुन्हा बांधण्याचा आदेश २०२४ साली निघाला. त्या घटनेने हे प्रश्न सैद्धांतिक चर्चेतून उचलून थेट विटांच्या ढिगाऱ्यावर आणून ठेवले. तिच्याकडे वळण्यापूर्वी आधीच्या दोन प्रश्नांचा, म्हणजे कर्तृत्वाचा आणि व्याकरणाचा, विचार करणे क्रमप्राप्त आहे.

२

इंग्लंडच्या मद्यपानाच्या जागांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक तीन प्रकार वेगळे करतात. ‘इन’ म्हणजे प्रवाशाला जेवण, बिछाना आणि घोड्याला तबेला देणारी जागा. ‘टॅव्हर्न’ म्हणजे मुख्यतः शहरातील वाइनची जागा. आणि ‘एलहाउस’ म्हणजे जवाची एल किंवा बिअर विकणारे साधे घर. पीटर क्लार्क यांच्या ‘द इंग्लिश एलहाउस’ (१९८३) या ग्रंथाने या तिसऱ्या, सर्वांत गरीब प्रकाराला इतिहासात स्थान मिळवून दिले. वास्तुरचनेच्या दृष्टीने एलहाउसचे वैशिष्ट्य हे की त्याला स्वतःची वास्तुरचना नव्हती. शेतमजुराचे किंवा कारागिराचे घर हेच एलहाउस. ओकच्या लाकडाचा सांगाडा, त्यात भरलेल्या कुडाच्या भिंती, गवताने शाकारलेले छप्पर, एका भिंतीत मोठी शेकोटी. एल गाळून तयार झाली की शेजाऱ्यांनी त्याच शेकोटीभोवती बसावे आणि ती संपली की उठावे. १५५२ च्या कायद्याने अशा घरांना स्थानिक न्यायाधीशांचा परवाना सक्तीचा झाला, तेव्हा घर आणि एलहाउस यांत प्रथम भेद निर्माण झाला, आणि तो भेद भिंतीत नव्हता, कागदात होता.

१८३० च्या बिअरविषयक कायद्याने हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडवली. करदात्या गृहस्थाने दोन गिनी भराव्यात आणि स्वतःच्या घरात बिअर विकावी, एवढी सोपी ती तरतूद होती. ठिकठिकाणच्या झोपड्या, शेतघरे आणि कारागिरांची दुकाने पबमध्ये रूपांतरित झाली. आज ‘ऐतिहासिक’ म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी ग्रामीण पबांची भिंत जुनी असते, परंतु त्यांचे पबपण त्या भिंतीपेक्षा पुष्कळ धाकटे असते. घर पब होताना त्याचे बांधकाम बदलत नाही, बदलतो तो त्याचा वापर. म्हणजे ही वास्तू लिहिली जाण्याऐवजी पुन्हा पुन्हा वाचली जाते, आणि प्रत्येक वाचनात तिचा अर्थ पालटतो.

याउलट भासणारे उदाहरण सॉमरसेटमधील नॉर्टन सेंट फिलिप या खेड्यातल्या ‘जॉर्ज इन’चे आहे. ही वास्तू हेतुपुरस्सर बांधलेली आहे. खालचा मजला दगडी, त्यावर पुढे झेपावलेले लाकडी सांगाड्याचे दोन मजले आणि मागे चौक, अशी तिची रचना आहे. जवळच्या हिंटन चार्टरहाउस येथील कार्थुसियन मठाने चौदाव्या-पंधराव्या शतकांत ती उभी केली, ती लोकर साठवण्यासाठी आणि वार्षिक लोकरबाजाराला येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मुक्कामासाठी. म्हणजे येथे कर्ता आहे, हेतू आहे आणि तो हेतू वास्तूच्या घाटात स्पष्टपणे उतरलेलाही आहे. परंतु १५३९ साली मठ बरखास्त झाला, आणि कर्त्यामागे त्याची कृती दुसऱ्यांच्या हाती उरली. १२ जून १६६८ रोजी सॅम्युएल पीप्स हा दैनंदिनीकार बाथच्या वाटेवर कुटुंबासह या गावी थांबला. १६८५ मध्ये बंडखोर मॉनमथच्या ड्यूकने याच वास्तूत तळ दिला. पुढे लोकरीचा बाजारही इतिहासजमा झाला. इंग्लंडमधील ‘सर्वांत जुना पब’ या बिरुदावर हक्क सांगणाऱ्या अनेक वास्तूंपैकी ‘जॉर्ज’ ही एक. मात्र भिंतीचे वय, परवान्याचे वय आणि मुक्कामगृह म्हणून वापराचे वय यांतले नेमके कोणते वय मोजावयाचे, हे ठरवल्याखेरीज त्या बिरुदाला अर्थ प्राप्त होत नाही.

विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली हेतुविषयक तर्कदोष दाखवून दिला तो कवितेच्या संदर्भात. कवीच्या मनातील हेतू हा कवितेच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, हे त्यांचे प्रतिपादन. ग्रामीण पबच्या बाबतीत हा दोष घडण्याची सोयही बहुधा उपलब्ध नसते. जेथे कर्ता अनामिक आहे तेथे हेतू शोधता येत नाही, आणि जेथे कर्ता ज्ञात आहे तेथे त्याचा हेतू वास्तूच्या आयुष्यातील एका प्रकरणापुरता उरलेला असतो. उगमाकडे जाऊन या संहितेचा अर्थ लागत नाही. तो लावावयाचा तर तिच्या अंतर्गत विभाजनाकडे जावे लागते.

३

ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या ‘द डेझर्टेड व्हिलेज’ (१७७०) या कवितेत उजाड झालेल्या गावातील पबचे एक वर्णन आहे. कवी तेथे माणसांआधी वस्तू आठवतो. चुन्याने रंगवलेली भिंत, वाळू पसरलेली जमीन, दाराआडचे घड्याळ, आणि दिवसा खणांचे कपाट व रात्री बिछाना अशी दुहेरी चाकरी करणारे एक फर्निचर. ही शेवटची वस्तू लक्षणीय आहे. ज्या खोलीत गाव बसते त्याच खोलीत रात्री कोणीतरी झोपते. घर आणि सार्वजनिक जागा एकाच चौरसात नांदतात आणि दिवस-रात्रीच्या पाळीने परस्परांना वाट करून देतात. गोल्डस्मिथच्या पबमध्ये अद्याप भिंत नाही. विभाजन आहे ते काळाचे.

सुमारे नव्वद वर्षांनंतरच्या ‘सायलस मार्नर’मध्ये (१८६१) विभाजन अवकाशात उतरले आहे. रॅव्हलो गावातील ‘रेनबो’ या पबच्या दारातून आत शिरले की उजवीकडे स्वयंपाकघरवजा बार, तेथे सामान्य गिऱ्हाइके; डावीकडे बैठकीची खोली, ती गावच्या जमीनदाराच्या आणि त्याच्या बरोबरीच्या मंडळींसाठी. उजवीकडच्या खोलीतही समता नाही. शेकोटीजवळची जागा वजनदार गिऱ्हाइकांची, दूरची जागा जाडेभरडे कपडे घातलेल्या बिअर पिणाऱ्यांची. जॉर्ज एलियट हा आराखडा पार्श्वभूमी म्हणून देत नाही. कथानकाची एक कळ ती त्यात बसवते. त्या रात्री डावीकडची खोली अंधारी आहे, कारण प्रतिष्ठित मंडळी एका वाढदिवसाच्या नृत्यसमारंभाला गेली आहेत. त्यामुळे एरवी त्या खोलीत मान्यवरांचे मनोरंजन करणारे काही जण उजवीकडे येऊन बसले आहेत, आणि तेथे संभाषणाची सूत्रे काही काळ गावाच्या हाती आली आहेत. गाय कोणत्या जातीची होती इथपासून भुते असतात की नाहीत इथपर्यंत चालणारा तो प्रसिद्ध संवाद डावीकडचा दिवा विझलेला असल्यामुळेच शक्य होतो.

या संवादाच्या ऐन मध्यात, सोने चोरीला गेलेला विणकर सायलस आत येतो. पंधरा वर्षे गावात राहूनही तो गावाचा झालेला नाही. त्याला भूत समजून सगळे दचकतात. मग त्याला एका खुर्चीवर बसवले जाते, सर्वांपासून अलग, वर्तुळाच्या मध्यभागी आणि शेकोटीच्या थेट उजेडात. मानाच्या उतरंडीत जी जागा कोणाचीच नव्हती ती त्याला मिळते. तो आरोपीसारखा मध्यभागी आहे आणि पाहुण्यासारखाही. गावाशी त्याचे नाते जोडले जाण्याची सुरुवात या एका बैठकव्यवस्थेतील फटीतून होते. मिखाइल बाख्तिनने कादंबरीतील स्थल-कालाच्या एकात्म घटकांची चर्चा करताना रस्ता, किल्ला, दिवाणखाना आणि उंबरठा यांचा विचार केला. ग्रामीण पबच्या शेकोटीसमोर हे बरेचसे घटक एकवटतात. रस्ता तेथे येऊन थांबतो, दिवाणखाना भिंतीपलीकडे असतो, आणि प्रत्येक आगंतुकाला उंबरठ्यावर क्षणभर तोलले जाते.

हार्डीच्या ‘टेस’मध्ये (१८९१) विभाजन कायद्याचे आहे, आणि म्हणून ते सर्वांत विलक्षण वास्तुरूप धारण करते. मार्लट गावाच्या एका टोकाला पूर्ण परवान्याचा ‘प्युअर ड्रॉप’ हा पब आहे. दुसऱ्या टोकाच्या रॉलिव्हरबाईंच्या घराला फक्त बिअर विकण्याचा परवाना आहे, तेथे बसून पिण्याचा नाही. कायद्याला मान्य असलेली तेथील सारी सोय म्हणजे बागेच्या कुंपणाला तारेने बांधलेली सहा इंच रुंद आणि दोन यार्ड लांब फळी. परक्याने रस्त्यात उभे राहून प्यावे आणि पेला त्या फळीवर ठेवावा. गावकरी मात्र वर जातात. झोपण्याच्या खोलीच्या खिडकीला जाड लोकरी शाल लावलेली असते, आणि पलंग, खणांचे कपाट, हात धुण्याचे मेज अशा मिळेल त्या जागी माणसे बसलेली असतात. पावले वाजली की मालकीण ‘घरगुती पाहुण्यां’विषयीचे ठरलेले वाक्य म्हणू लागते. हार्डीने येथे ‘पब्लिक हाउस’ या संज्ञेची जणू उलटापालट केली आहे. सार्वजनिक भाग सहा इंचांचा उरला आहे, आणि घराचा सर्वांत खाजगी भाग गावाचा झाला आहे.

या खोलीत टेसची आई जोन नवऱ्याला शोधायला म्हणून जाते आणि स्वतःच बसते. पोराबाळांच्या रगाड्यात तिला मिळणाऱ्या अगदी थोड्या सुखांपैकी हे एक आहे. बिअर चढत जाते तसे कपाटाच्या खणांचे पितळी कडे सोन्याच्या दारठोक्यांसारखे दिसू लागतात. दरिद्री खोलीचा क्षणभर राजवाडा होतो, आणि नेमक्या याच मनःस्थितीत मुलीला श्रीमंत नातलगांकडे पाठवण्याचा बेत चर्चिला जातो. टेसच्या शोकांतिकेचा आरंभ एका बेकायदेशीर बैठकीत होतो, आणि ती बैठक बेकायदेशीर आहे ती एका परवान्यातील शब्दामुळे. ज्या टीकाकारांना हार्डीच्या कादंबरीत केवळ दैवाचा खेळ दिसतो, त्यांनी ही सहा इंची फळी ध्यानात घ्यावयास हवी.

युर्गेन हाबरमास यांनी १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात अठराव्या शतकातील कॉफीगृहांना नागरी सार्वजनिकतेचे पाळणाघर मानले. तेथे, तत्त्वतः तरी, दर्जा बाहेर ठेवून युक्तिवादाच्या बळावर बोलता येत होते. ग्रामीण पबची सार्वजनिकता वेगळ्या जातीची आहे. तेथे दर्जा बाहेर ठेवला जात नाही. त्याला बसायला जागा नेमून दिली जाते. तरीही सर्वजण एकाच छपराखाली आणि बऱ्याचदा एकाच दाराने येतात. जवळीक आणि वेगळेपणा एकाच वेळी राखणारी ही रचना म्हणजेच पबच्या भिंतींचे व्याकरण होय. ‘गावाची सामायिक बैठक’ असे त्याचे गोड वर्णन करणाऱ्याने डावी-उजवी खोली वाचलेलीच नसते.

४

विसाव्या शतकात हे व्याकरण मोडले गेले, आणि ते ज्या रीतीने मोडले गेले ती सांस्कृतिक समीक्षेच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

आज ज्याशिवाय पबची कल्पना करवत नाही ते काउंटर ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शहरातील जिनच्या दुकानांनी ते रूढ केले; तेथून ते बाहेर पसरले. जुन्या ग्रामीण पबमध्ये यजमान आतल्या खोलीतल्या पिंपातून बिअर भरून आणी, किंवा भिंतीतल्या खिडकीतून देई. हेरफर्डशायरमधील लेंटवर्डिन येथील ‘सन इन’, सफकमधील लॅक्सफील्ड येथील ‘किंग्ज हेड’ अशी थोडी ठिकाणे ही जुनी पद्धत टिकवून राहिली. लॅक्सफील्डला शेकोटीभोवती उंच पाठीची बाके अशी मांडलेली आहेत की खोलीच्या आत दुसरी खोली तयार व्हावी, आणि बिअर येते ती मागच्या पिंपांच्या खोलीतून. काउंटर आले की यजमान दुकानदार होतो आणि पाहुणा गिऱ्हाईक होतो. घराची बैठक फिरते. सर्वांची तोंडे एकमेकांऐवजी मालाकडे वळतात.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत बिअर कंपन्यांनी खोल्यांमधील भिंती पाडून सलग दालने केली. एका काउंटरवरून सर्वत्र नजर ठेवता यावी, कमी नोकरांत अधिक विक्री व्हावी, हे त्यामागील व्यावहारिक कारण. भिंत पडली तेव्हा तिच्याबरोबर ‘डावी-उजवी’ ही वर्गव्यवस्थाही पडली, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. स्त्रियांना आडबाजूच्या छोट्या खोलीत कोंडणारी रीतही मागे पडली. परंतु भिंतींच्या जागी जे आले ते पाहण्यासारखे आहे. नव्या दालनांत जुनेपणाचे सामान भरण्यात आले : छताला काही न पेलणाऱ्या काळ्या तुळया, भिंतीवर घोड्याच्या साजाची पितळी पदके, कधीच न पेटणारी शेकोटी. दोन महायुद्धांच्या दरम्यानच विटांच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून ट्यूडर काळाचा आभास करण्याची रीत इतकी बोकाळली होती की तिला ‘ब्रुअर्स ट्यूडर’ असे उपहासाचे नाव मिळाले. व्याकरण गेले आणि अलंकार वाढले, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. ज्या तुळईने मजला पेलला होता ती रचनेचा भाग होती. जी तुळई फक्त दिसण्यासाठी आहे ती अवतरणासारखी आहे, आणि मूळ ग्रंथ हरवलेला आहे.

जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये ‘द मून अंडर वॉटर’ या आपल्या आवडत्या पबविषयी लेख लिहिला, तो याच वळणावर. तो पब लंडनमधला आहे, खेड्यातला नाही. तरी त्याचा विचार येथे अपरिहार्य आहे. ऑर्वेल खोट्या तुळयांना स्पष्ट नकार देतो, स्वतंत्र खोल्यांची मांडणी आवर्जून नोंदवतो, आणि शेवटी असा पब अस्तित्वातच नाही हे सांगून टाकतो. म्हणजे अस्सल पब हा त्याच्या लेखी संहितेतच संभवतो. पुढे १९७९ साली स्थापन झालेल्या वेदरस्पून या पबसाखळीने आपल्या अनेक शाखांना ‘मून अंडर वॉटर’ हेच नाव दिले. जी जागा केवळ शब्दांत होती तिची शाखा निघावी, यापेक्षा चिन्ह आणि वस्तू यांच्या संबंधाचे अधिक नेमके उदाहरण सापडणे कठीण.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’मध्ये (१९७३) दाखवून दिले आहे की इंग्लंडमधील प्रत्येक पिढी ‘जुने खेडे नुकतेच संपले’ असे म्हणते आणि तो सुवर्णकाळ एक पिढी मागे सरकवत नेते. पबविषयीचा स्मरणविलाप हा या परंपरेचा एक उपप्रकार आहे. गोल्डस्मिथने १७७० सालीच पब उजाड झालेला पाहिला होता. म्हणून ‘पब नष्ट होत आहे’ या उद्गाराकडे समीक्षकाने संशयाने पाहिले पाहिजे. पण संशय म्हणजे नकार नव्हे. काही वेळा पब खरोखरच नष्ट होतो.

५

स्टॅफर्डशायरमधील हिमली येथील ‘द क्रुकेड हाउस’ ही वास्तू १७६५ साली शेतघर म्हणून बांधली गेली आणि १८३० च्या सुमारास तिचा पब झाला. तिच्याखालून कोळसा काढला गेला, जमीन खचली, आणि घराची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे चार फूट खाली गेली. स्थानिक बोलीत वाकड्याला ‘सायडन’ म्हणतात, म्हणून ते ‘सायडन हाउस’. पुढे जमीनदार घराण्यावरून ‘ग्लिन आर्म्स’. आणि अखेर लोकांनी दिलेल्या नावाचेच प्रमाण इंग्रजी रूप, ‘क्रुकेड हाउस’. आत दारे तिरकी, खिडक्या तिरक्या. मेजावर ठेवलेली गोटी चढावर जाताना दिसे. १९४० च्या दशकात ते पाडण्याचे ठरले होते, पण एका बिअर कंपनीने लोखंडी तुळया व आधारभिंती देऊन ते वाकलेल्या अवस्थेतच स्थिर केले. ५ ऑगस्ट २०२३ रोजी त्याला आग लागली; दोन दिवसांनी जे उरले होते तेही पाडण्यात आले. ते संरक्षित वास्तूंच्या यादीत नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये साउथ स्टॅफर्डशायरच्या कौन्सिलने ती वास्तू आगीपूर्वी होती तशी पुन्हा बांधण्याचा आदेश काढला, आणि मालकांनी त्याविरुद्ध अपील केले.

हा आदेश कायद्याच्या दृष्टीने निराधार नव्हता. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडण्यासाठी नियोजन-परवानगी आवश्यक आहे. त्याला पूर्वोदाहरणही होते : १९२०-२१ मध्ये बांधलेला लंडनमधील ‘कार्ल्टन टॅव्हर्न’ २०१५ साली विनापरवाना पाडण्यात आला, आणि आदेशानुसार पुन्हा बांधून २०२१ साली उघडण्यात आला. परंतु या दोन घटनांत एक मूलभूत फरक आहे. ‘कार्ल्टन’ला आराखडा होता. ‘क्रुकेड हाउस’चे जे वैशिष्ट्य, तिचे वाकडेपण, त्याला आराखडा नव्हता, ते कोणी योजिलेलेच नव्हते.

नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात कलांचे दोन वर्ग केले आहेत. चित्रासारख्या कलेत मूळ कृती आणि तिची हुबेहूब नक्कल यांतील भेद निर्णायक असतो. संगीत किंवा साहित्य यांत मात्र स्वरलेखन वा अक्षरलेखन अचूक असेल तर प्रत्येक प्रत तितकीच अस्सल असते. कवितेची बनावट प्रत निघू शकत नाही. वास्तुकला या दोहोंच्या सीमेवर आहे, असे गुडमन मानतात. आराखड्यामुळे ती संगीताकडे झुकते, पण पूर्णपणे तिकडे जात नाही. या चौकटीत पाहिले तर हिमलीचा आदेश एक असाधारण गोष्ट करू पाहतो. जी वास्तू चित्राच्या वर्गात होती, किंबहुना अपघाताच्या वर्गात होती, तिला तो कवितेच्या वर्गात टाकतो. छायाचित्रे आणि मोजमापे ही आता स्वरलेखन ठरतात. खाणीने नकळत केलेली चूक आता गवंड्याने ओळंबा लावून, जाणीवपूर्वक आणि अंशांच्या हिशेबाने करावयाची.

जॉन रस्किनने १८४९ सालीच जीर्णोद्धाराला वास्तूचा सर्वांत संपूर्ण विनाश म्हटले होते. मृताला उठवता येत नाही, ही त्याची भूमिका. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था काढली तीही याच विचारावर : रोजच्या निगराणीने क्षय थोपवावा, जुन्याची नक्कल करू नये. रस्किनच्या न्यायाने हिमलीची पुनर्रचना हे एक प्रचंड असत्य ठरेल. पण रस्किनच्या भूमिकेची मर्यादाही येथेच उघड होते. तो दगडावरील काळाच्या खुणांना प्रमाण मानतो. ग्रामीण पबची संहिता मात्र, वर पाहिल्याप्रमाणे, दगडात कधीच पूर्णपणे नव्हती. ती वापरात होती, परवान्यात होती आणि कोण कोठे बसतो यात होती. भिंत मूळची नाही एवढ्यावरून ती खोटी ठरवली, तर घराचा पब झाला त्या दिवसापासून सारेच खोटे ठरवावे लागेल.

६

या पेचातून मार्ग काढण्यासाठी पाठचिकित्सेकडे जाणे उपयुक्त ठरते. हस्तलिखितांच्या परंपरेत मूळ प्रत बहुधा हरवलेली असते, आणि संपादकापुढे दोन मोह उभे असतात. एक, कल्पित मूळ पाठ रचून तोच खरा म्हणून पुढे करणे. दुसरा, हाती आलेला शेवटचा पाठ पवित्र मानून त्याला हात न लावणे. जबाबदार संपादक दोन्ही टाळतो. तो एक पाठ सिद्ध करतो, परंतु तो आपण सिद्ध केला आहे हे लपवत नाही. कोठे पोथी तुटली, कोठे भर घातली, हे तो पानावरच नोंदवतो. त्याच्या आवृत्तीला वर्ष असते.

हाच निकष ग्रामीण पबला लावला पाहिजे. लेंटवर्डिनच्या ‘सन इन’मध्ये २००९ साली वयोवृद्ध मालकीण वारली, तेव्हा तो बंद पडण्याच्या बेतात होता. पुढची विटांच्या जमिनीची खोली जशी होती तशी राखून मागे उघडपणे नवी बांधणी जोडण्यात आली. हा आवृत्तीचा मार्ग आहे : जुना मजकूर जुना, नवा मजकूर नवा, आणि वाचकाला दोन्ही वेगळे दिसतात. हिमलीचे घर पुन्हा उभे राहील तेव्हा त्याचे मूल्य ते किती हुबेहूब वाकडे आहे यावर ठरणार नाही. १७६५ चे शेतघर, खाणीने खचलेली जमीन, चाळिशीच्या दशकातील लोखंडी आधार आणि २०२३ ची राख हे सारे त्या भिंतीत वाचता येते की नाही, यावर ते ठरेल. आग पुसून टाकणारी पुनर्रचना ही अवतरणचिन्हे काढून टाकलेल्या अवतरणासारखी असेल. खोट्या तुळयांच्या परंपरेतील ती एक अधिक खर्चिक भर ठरेल, एवढेच.

पुनर्रचनेच्या आदेशाचे समर्थन करावयाचे ते या मर्यादेत. भिंत परत येईल म्हणून तो योग्य नाही. पाडण्याची कृती नफ्याची ठरू नये आणि ज्या वस्तीने त्या वाकड्या घराला स्वतःचे नाव दिले तिचा वाचनाचा हक्क एका रात्रीत हिरावला जाऊ नये, म्हणून तो योग्य आहे. २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने इंग्लंडमधील वस्त्यांना पबची ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंद करण्याची जी सोय दिली, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. त्या तरतुदीत महत्त्व वास्तूच्या शैलीला नाही, लोकांच्या वापराला आहे. मठाची वखार, मजुराचे घर किंवा शेतघर यांना पब केले ते लोकांनीच, आणि संहितेचे कर्तृत्व कोणाकडे सोपवावयाचेच असेल तर ते त्यांच्याकडे जाते.

मात्र ‘लोक’ म्हणताना ‘रेनबो’तील दोन खोल्या विसरता कामा नयेत. त्या लोकांत जमीनदार होता आणि दूर बसणारा बिअर पिणाराही होता. रॉलिव्हरबाईंच्या माडीवर चोरून बसलेली जोन होती. जी समीक्षा पबला गावाच्या एकोप्याचे प्रतीक मानून थांबते, ती खोट्या तुळयांइतकीच शोभेची आहे. भिंत पडली याचा आनंद मानतानाही ती कोठे होती आणि कोणाला अलीकडे ठेवत होती, याची खूण जमिनीवर राहिली पाहिजे. कादंबरीकारांनी ती खूण कागदावर राखली म्हणूनच आज ती वाचता येते.